दखनी शीख : नांदेडच्या इतिहासातील एक गाळलेले प्रकरण

मराठवाड्याच्या वाङ्मयेतिहासाची मांडणी करताना आपण साधारणपणे तीन धारांचा उल्लेख करतो. महानुभाव आणि वारकरी संतांची मराठी ही पहिली. सूफी खानकाहांतून आणि दरबारांतून वाढलेली दखनी-उर्दू ही दुसरी. आणि देगलूर-बिलोली किंवा उदगीर-निलंग्याच्या बाजूने सतत आत झिरपत राहिलेली तेलुगू-कन्नड ही तिसरी. या तीन धारांच्या संगमाविषयी आपण वर्गात बोलतो, चर्चासत्रांत निबंध वाचतो. पण नांदेडसारख्या शहरात आणखी एक समाज जवळजवळ दोनशे वर्षे नांदतो आहे. त्याच्या प्रार्थनेची लिपी गुरुमुखी, घरातली बोली दखनी आणि बाजारातली मराठी. त्याला आपल्या मांडणीत जागा मिळालेली नाही. पर्यटनाच्या पुस्तिकेत हा समाज आहे, सणांच्या बातम्यांत आहे. वाङ्मयेतिहासात मात्र नाही. ही अनुपस्थिती कशामुळे निर्माण झाली आणि तिच्यामुळे आपले काय हुकते, याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

आधीचे गाव

नांदेड शिखांनी वसवलेले नाही, हे प्रारंभीच स्पष्ट केले पाहिजे. वाशीम येथे सापडलेल्या वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या ताम्रपटात 'नांदीकट' या प्रदेशाच्या उत्तर मार्गातील एका गावाचे दान नोंदवलेले आहे, आणि नांदीकट म्हणजे आजचे नांदेड असे विद्वानांनी ठरवले आहे. चौथ्या शतकातील या ताम्रपटात वंशावळीचा भाग संस्कृतात, तर प्रत्यक्ष दानाचा व्यवहार प्राकृतात आहे. राजाची थोरवी एका भाषेत आणि जमिनीचा व्यवहार दुसऱ्या भाषेत, अशी ही विभागणी आहे. या प्रदेशाच्या अगदी आरंभीच्या लेखी उल्लेखातच दोन भाषांचे कामवाटप दिसावे, हे पुढच्या विवेचनासाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

अशा जुन्या, गोदाकाठच्या, नंदीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गावात १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंह आले. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर गादीवर आलेला बहादूरशहा आपला भाऊ कामबक्ष याच्यावर चालून दक्षिणेत निघाला होता. त्याच्या लष्कराबरोबर गुरूंचा प्रवास झाला. बादशहा पुढे हैदराबादकडे गेला, गुरू नांदेडला थांबले. येथेच माधोदास बैरागी त्यांचा शिष्य झाला आणि बंदासिंह बहादूर या नावाने पंजाबकडे गेला. १७१० मध्ये त्याने सरहिंद घेतले आणि १७१६ मध्ये दिल्लीत त्याला ठार मारण्यात आले. येथेच गुरूंवर पठाण मारेकऱ्यांकरवी हल्ला झाला आणि ७ ऑक्टोबर १७०८ रोजी त्यांचे देहावसान झाले. आपल्यानंतर देहधारी गुरू नाही, ग्रंथ हाच गुरू, हा निर्णयही याच ठिकाणचा. एका धर्माच्या इतिहासात व्यक्तीकडून ग्रंथाकडे जे स्थित्यंतर झाले त्याची भूमी नांदेड आहे. साहित्याच्या अभ्यासकाला तर ही घटना विशेष विचार करण्याजोगी वाटावी; कारण सार्वभौम अधिकार पूर्णपणे एका काव्यसंग्रहाकडे सोपवला गेल्याची अशी उदाहरणे जगात फार थोडी आहेत. त्या संग्रहात नामदेवांची ६१ पदे आहेत.

परंपरा असे सांगते की गुरूंच्या आज्ञेवरून भाई संतोखसिंह लंगर चालवण्यासाठी मागे राहिले. म्हणजे वस्तीची पहिली खूण चुलीची होती. तरीही पुढची सव्वाशे वर्षे येथे मोठी शीख वसाहत झाली नाही. थोडे सेवेकरी, येणारे-जाणारे यात्रेकरू आणि नदीकाठचे एक स्मृतिस्थान, एवढेच तिचे स्वरूप होते.

फौज आणि स्मारक

वसाहत झाली ती १८३० नंतरच्या दशकात, आणि तिच्यामागे दोन राज्यकर्त्यांचे दोन वेगळे हेतू होते. लाहोरच्या महाराजा रणजितसिंहाला गुरूंच्या देहावसानाच्या स्थळी भव्य वास्तू उभारायची होती. १८३२ ते १८३७ या काळात त्याने पाठवलेल्या पैशातून आणि पंजाबातून आलेल्या कारागिरांच्या हातून आजच्या सचखंड गुरुद्वाऱ्याची वास्तू उभी राहिली. स्वतः रणजितसिंह नांदेडला कधीच आला नाही. १८३९ मध्ये तो वारला. दुसरीकडे हैदराबादच्या निजामाला विश्वासू शिपाई हवे होते. त्याच्या पदरी अरब आणि रोहिल्यांच्या तुकड्या होत्या, पण त्याच सावकारीही करीत, जमिनी गहाण घेत आणि प्रसंगी सरकारलाच वेठीस धरीत. निजामाचा दिवाण राजा चंदूलाल हा मूळचा पंजाबी खत्री, नानकांना मानणाऱ्या घराण्यातला. 'शादां' या नावाने उर्दूत कविता करणारा. त्याच्या काळात लाहोरहून शीख शिपायांचे दल हैदराबाद राज्यात आले. त्याला पुढे 'लाहोरी फौज' असे नाव पडले. महसूल वसूल करणे, बंडखोर जमीनदारांना आवरणे, खजिन्यावर पहारा देणे ही त्याची कामे. दोन्ही दरबारांत देवाणघेवाण होती. निजामाने पाठवलेली मौल्यवान चांदणी रणजितसिंहाने स्वतः न वापरता अमृतसरच्या हरिमंदिराला अर्पण केली, अशी कथा प्रसिद्ध आहे.

या फौजेतल्या माणसांचे वंशज म्हणजे आजचे बहुतेक दखनी शीख. काही हैदराबादला राहिले, काही मराठवाड्यात आणि तेलंगणात विखुरले, आणि बरेच नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या अवतीभवती स्थिरावले. त्यांच्या जोडीला लोखंडाची कामे करणारे शिकलगार शीख आणि बंजारा-लबाना शीख यांचीही भर पडत गेली. नांदेडचा शीख समाज एकजिनसी नाही, हे यावरून ध्यानात यावे.

राज्याने बोलावून आणलेल्या वसाहतींचे भवितव्य काय असते, याचे एक दूरचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. रशियाच्या सम्राज्ञी दुसऱ्या कॅथरीनने १७६३ मध्ये जाहीरनामा काढून परदेशी शेतकऱ्यांना व्होल्गाकाठी येण्याचे आमंत्रण दिले. धर्मस्वातंत्र्य, करमाफी आणि सैन्यभरतीतून सूट ही तिची आश्वासने होती. हजारो जर्मन कुटुंबे आली. १७६५ मध्ये मोरावियन पंथीयांनी सारेप्टा हे गाव वसवले, आणखी उत्तरेला सम्राज्ञीच्याच नावाचे कातरिनेनश्टाट उभे राहिले. १८७० च्या दशकात सैन्यभरतीतली सूट गेली. क्रांतीनंतर त्यांचे स्वायत्त प्रजासत्ताक झाले, आणि जर्मनीने आक्रमण केल्यावर २८ ऑगस्ट १९४१ च्या हुकमाने सगळ्या व्होल्गा-जर्मनांना सैबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार करण्यात आले. पावणेदोनशे वर्षे तेथे नांगर चालवणारी माणसे एका हुकमाने परकी ठरली. कातरिनेनश्टाट आज 'मार्क्स' या नावाने नकाशावर आहे. राज्य ज्या कारणासाठी बोलावते ते कारण संपले की बोलावलेल्यांची मुळे कशावर टिकतात, हा प्रश्न त्या इतिहासाने फार कठोरपणे विचारला आहे.

नांदेडच्या बाबतीत हा प्रश्न सप्टेंबर १९४८ मध्ये उभा राहिला. निजामाचे राज्य संपले आणि त्याबरोबर त्याच्या पदरच्या फौजेचे प्रयोजनही संपले. रणजितसिंहाचे राज्य तर त्याच्या शंभर वर्षे आधीच, १८४९ मध्ये, बुडाले होते. ज्याने पाठवले आणि ज्याने ठेवून घेतले, असे दोन्ही दरबार इतिहासजमा झाले. तरी वसाहत विसर्जित झाली नाही. आमच्या मते याचे कारण तिच्या जन्मातच आहे. निजामासाठी ते शिपाई होते, स्वतःसाठी मात्र ते गुरूंच्या अखेरच्या स्थानाचे राखणदार होते. पगार बंद होऊ शकतो. राखण बंद होत नाही. फौजेने माणसे आणली आणि स्मृतिस्थानाने ती धरून ठेवली. व्होल्गाकाठच्या शेतकऱ्याजवळ जमीन होती, चर्च होते. पण त्याच्या संपूर्ण समाजाला त्या ठिकाणाशी बांधून ठेवणारे असे तीर्थ नव्हते. अर्थात तीर्थ असते म्हणून स्टालिनचा हुकूम अडला असता असे नाही. नांदेडच्या शिखांवर तशी वेळ आली नाही हे त्यांचे, आणि आपलेही, भाग्य.

वसाहत काय जपते?

मायभूमीपासून दूर गेलेला समाज पुष्कळदा मायभूमीने टाकून दिलेले जपून ठेवतो. व्होल्गा-जर्मनांच्या बोलीत अठराव्या शतकातल्या हेसन आणि पॅलेटिनेट भागातली रूपे टिकून राहिली. आपल्याजवळचे उदाहरण तंजावरचे. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तेथे राज्य स्थापन केले. १८०३ मध्ये सरफोजीराजांनी बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरवून घेतले. आणि १८५५ मध्ये राज्य खालसा झाल्यावरही तेथल्या घरांतून एक जुने वळण असलेली मराठी बोलली जात राहिली. पुण्यात भाषा बदलत होती, तंजावरला ती थांबून राहिली होती.

नांदेडमध्ये जपले गेले ते मात्र वेगळे आहे. येथे टिकली ती विधींची भाषा. हजूर साहिबची मर्यादा, म्हणजे पूजाविधीची रीत, पंजाबातल्या गुरुद्वाऱ्यांहून अनेक बाबतींत निराळी आहे. गुरू ग्रंथसाहिबाबरोबर दशम ग्रंथाचेही येथे विधिपूर्वक वाचन होते. दिवे ओवाळून आरती होते. गुरूंच्या शस्त्रांना चंदनाचा टिळा लावला जातो. पहाटेपूर्वीच्या अंधारात गोदावरीचे पाणी गागरीतून आणले जाते आणि त्याने गाभाऱ्याचे स्नान होते. दसऱ्याला आणि होळीच्या सुमारास हल्लाबोलची मिरवणूक निघते, घोडे धावतात, उघड्या तलवारी तळपतात. जथेदाराने ब्रह्मचारी असावे असा दंडक आहे.

मराठी वाचकाला यातले पुष्कळसे ओळखीचे वाटेल. आरती, चंदन, गोदास्नान, दसऱ्याची शस्त्रपूजा हे सारे पाहून तो सहजच म्हणतो की येथे राहून त्यांनी आपले घेतले. हा निष्कर्ष आकर्षक आहे, पण तो तपासून घ्यायला हवा. दशम ग्रंथाचे विधिपूर्वक वाचन बिहारमधल्या पाटणा साहिबलाही होते. शस्त्रपूजेची रीत पंजाबातल्या निहंगांमध्येही आहे. नांदेड आणि पाटणा ही एकमेकांपासून शेकडो कोस दूर असलेली ठिकाणे, पण दोन्ही पंजाबच्या बाहेर. १८७३ मध्ये अमृतसरला सुरू झालेल्या सिंघ सभेच्या चळवळीने शीख आचारांची शुद्धी आरंभली, १९२५ च्या कायद्याने पंजाबातले गुरुद्वारे शिरोमणी समितीच्या ताब्यात आले आणि १९४५ मध्ये सर्वांसाठी एक आचारसंहिता मान्य झाली. पंजाबचा कायदा निजामाच्या राज्यात लागू होत नव्हता. तेव्हा नांदेडची रीत बरीचशी सुधारणेपूर्वीच्या खालसा परंपरेचा टिकून राहिलेला भाग आहे, हे स्पष्टीकरण अधिक पटणारे आहे. स्थानिक संस्कृतीने ती रीत निर्माण केली नाही. तिला परके वाटू दिले नाही, हे मात्र तिचे काम. ज्या प्रदेशात आरती रोजची आणि दसऱ्याला शस्त्रे पुजली जातात, तेथे या विधींकडे कोणी बोट दाखवले नाही. शेजाऱ्याचे न टोकणे हाही संस्कृतीच्या इतिहासातला एक घटक असतो, आणि दप्तरात त्याची नोंद कधीच सापडत नाही.

घरातली भाषा

विधी टिकले, बोली मात्र टिकली नाही. दखनी शिखांच्या घरांतून पंजाबी हळूहळू मागे सरली. ती ग्रंथात राहिली, कीर्तनात राहिली, नावांत राहिली. रोजच्या बोलण्यात दखनी आली, शेजारात आणि शाळेत मराठी. तेलंगणाच्या बाजूला तेलुगू. तंजावरच्या मराठ्यांनी भाषा जपली आणि भोवतालच्या देवळांचे विधी स्वीकारले. नांदेडच्या शिखांनी विधी जपले आणि भोवतालची भाषा स्वीकारली. दोन्ही समाज परमुलखात स्थिरावले, पण आपल्या असण्याचा खुंटा त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणी रोवला. वसाहतीच्या इतिहासात 'टिकले की विरघळले' एवढाच प्रश्न विचारला तर हा भेद दिसत नाही. काय टिकवायचे आणि काय सोडून द्यायचे याची एक मूक निवड पिढ्यान्‌पिढ्या होत असते.

त्यातही दखनीची निवड अर्थपूर्ण आहे. दखनी ही मुळातच उत्तरेतून आलेल्या फौजांनी, फकिरांनी आणि व्यापाऱ्यांनी इथल्या मातीत घडवलेली भाषा. 'नक्को' हा तिचा नकार मराठीतून आलेला. शब्दाला चिकटणारा आग्रहाचा 'च' हाही मराठीचाच. म्हणजे उत्तरेतून आलेल्या या नव्या शिपायांना येथे एक आयती भाषा मिळाली, जी त्यांच्यासारख्याच आलेल्या माणसांनी आधी घडवून ठेवली होती. तिच्यातून मराठीत उतरणे अवघड नव्हते. निजामी राज्यात 'मुलकी' आणि 'गैरमुलकी' हा भेद नोकरीपासून मानापर्यंत सगळीकडे लागू होता. त्या काळात 'दखनी' म्हणवून घेणे म्हणजे आपण या मुलखाचे आहोत असे सांगणे होते. आजही पंजाबातून आलेल्या यात्रेकरूला या समाजाचा पंजाबी उच्चार वेगळा वाटतो, आणि समाज स्वतःची ओळख 'दखनी' अशीच सांगतो. वाकाटक ताम्रपटातले कामवाटप येथे पुन्हा दिसते. थोरवीची भाषा एक, व्यवहाराची दुसरी.

गेल्या काही दशकांत या संतुलनावर नवा ताण आला आहे. १९५६ मध्ये हैदराबाद विधिमंडळाने केलेल्या कायद्यानुसार गुरुद्वाऱ्याचा कारभार एका मंडळाकडे आला. त्यात स्थानिक शिखांबरोबर अमृतसरच्या शिरोमणी समितीचे प्रतिनिधी आणि संसदेतील शीख सदस्य यांनाही स्थान देण्यात आले. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. त्यानिमित्ताने केंद्राच्या नागरी योजनेतून मोठा निधी आला, रस्ते रुंद झाले, घाट बांधले गेले, विमानतळ सुरू झाला. सचखंड एक्सप्रेस नांदेडला थेट अमृतसरशी जोडते. ज्या अंतरामुळे नांदेडची रीत टिकली ते अंतरच आता उरलेले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंडळावरील शासननियुक्त सदस्यांची संख्या वाढवण्याचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा नांदेडच्या शिखांनी त्याला जोरदार विरोध केला. तो विरोध केवळ जागांच्या गणिताचा होता असे आम्हाला वाटत नाही. अमृतसरच्या दृष्टीने दूरचे आणि मुंबईच्या दृष्टीने वेगळे, अशा दुहेरी कडेवर उभ्या असलेल्या समाजाची आपल्या स्थानाविषयीची चिंता त्यात होती.

आले ते आणि गेले ते

एप्रिल २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पंजाबातल्या घुमान येथे डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली भरले. संत नामदेवांनी तेथे वास्तव्य केले, त्यांची पदे ग्रंथसाहिबात गेली, याचा रास्त अभिमान तेव्हा सगळीकडे व्यक्त झाला. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून एक परंपरा ज्या नरसीकडे बोट दाखवते ती आज हिंगोली जिल्ह्यात, म्हणजे आपल्या परिसरातच आहे. गोदावरीच्या खोऱ्यातून एक कवी पंजाबात गेला आणि तेथे पूज्य झाला. चार शतकांनी पंजाबकडून एक कवी गोदावरीकाठी आला आणि येथे पूज्य झाला. गुरू गोविंदसिंह ब्रज आणि फारसीत काव्यरचना करणारे, पदरी कवी बाळगणारे कवी होते, हे आपण बहुधा विसरतो. पहिल्या प्रवासाचे आपण संमेलन केले. दुसऱ्या प्रवासाचे काय केले?

मराठी वाचकाला नांदेडच्या शिखाची आठवण विचारली तर त्याला एखाद्या कथेतले पात्र आठवत नाही. बहुधा एखादा विनोद आठवतो. आठवडी बाजारात कढया आणि झारे विकणारा शिकलगार मराठीत भाव करतो, पण आपल्या ग्रामीण साहित्याच्या चर्चेत तो येत नाही. जो समाज आपली भाषा बोलतो त्याला आपण केवळ 'धार्मिक अल्पसंख्य' या खान्यात टाकतो आणि भाषेच्या इतिहासातून मोकळे होतो. यात त्या समाजाची उपेक्षा आहे हे उघड आहे. परंतु अधिक नुकसान मराठीचे आहे. परक्यांना सामावून घेण्याची जी शक्ती या भाषेने येथे दोनशे वर्षे दाखवली, तिचा पुरावाच आपण दुर्लक्षित ठेवला आहे. भाषा केवळ जन्माने मिळते असे मानणाऱ्यांना उत्तर द्यायचे असेल तर नांदेडच्या गल्लीतला दखनी शीख हे सर्वांत जवळचे उत्तर आहे.

नांदेड-लातूर परिसरातल्या आमच्या महाविद्यालयांतून दरवर्षी मराठीचे विद्यार्थी प्रकल्पासाठी विषय शोधत असतात, आणि तेच ते ग्रंथ पुन्हा चाळले जातात. त्यांना आम्ही सुचवू की एक वर्ष या गल्ल्यांत जावे. आजी नातवाला कोणत्या भाषेत झोपवते, लग्नातली गाणी कोणत्या बोलीतली, पत्रिका कोणत्या लिपीत छापली जाते, रागावताना तोंडातून कोणता शब्द येतो, आणि हिशेब मनातल्या मनात कोणत्या भाषेत होतो, एवढेच लिहून आणावे. ही माहिती कोणत्याही दप्तरात नाही; ती माणसांजवळ आहे, आणि जुन्या पिढीबरोबर ती जाणार आहे. शीख परंपरा या गावाला अबचलनगर, म्हणजे अढळ नगर, म्हणते. दूरवरून चालत आलेल्या माणसांनी हे नाव इतकी वर्षे मुखी ठेवले आणि खरे करून दाखवले. ते मराठीच्या इतिहासात नोंदवण्याचे काम आपल्याकडे राहिले आहे.